लायब्ररी इन्स्टॉल असूनही विंडो मॅनेजर (स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) बिल्ड करताना लिंक होत नाही, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (वापरलेलं फंक्शन सापडत नाही) असा एरर येतो. एलडी_लायब्ररी_पाथ सेट कर असं एकाने सांगितलंय. की सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे नेणारा शॉर्टकट) मारू?

अजिबात मारू नका. पॅकेज काढून परत टाकण्यातही वेळ घालवू नका. लायब्ररी मशीनवर आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग शोधायचं एवढंच, की लिंकर (कंपाईल झालेला कोड आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्राम) नक्की कुठली फाईल उचलतोय.

याच एररवरून आमच्या टीममध्ये चांगलंच वाजलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. एका शेअर्ड लिनक्स सर्व्हरवर मी विंडो मॅनेजर बिल्ड करत होतो. कंपाईल विनातक्रार झालं आणि लिंक करताना ‘एक्सआरआरगेटस्क्रीनरिसोर्सेसकरंट’ हे फंक्शन सापडत नाही म्हणून अडलं. सर्व्हर सांभाळणारे सीनियर म्हणाले, लायब्ररी करप्ट असेल, परत टाक. टाकली. एरर तोच. मग म्हणाले, कोडच भंगार आहे, दुसरा विंडो मॅनेजर घे. हे मला झोंबलं, कारण कोड व्यवस्थित होता.

हे फंक्शन लिबएक्सरँडआर या स्क्रीनची माहिती देणाऱ्या लायब्ररीच्या १.३ मध्ये आलं. हेडर (लायब्ररीतली फंक्शनं जाहीर करणारी फाईल) नवं असलं की कंपायलरचं समाधान होतं. फंक्शन खरोखर लायब्ररीत आहे का, हे बघणं लिंकरचं काम. म्हणजे हेडर नवं आणि लायब्ररी जुनी, असा मामला असणार. बिल्ड चालवणाऱ्या मेकला ‘व्ही=१’ देऊन पूर्ण कमांड छापून घेतली, कारण बरेच प्रोजेक्ट ती लपवतात. लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणाऱ्या कॅपिटल एलच्या पर्यायांत सगळ्यात पुढे ऑप्टमधला एक जुना फोल्डर होता. मी तो दिलाच नव्हता. त्यातल्या लायब्ररीवर ‘एनएम -डी’ चालवून नावांची यादी काढली आणि त्यात ते फंक्शन ग्रेपने शोधलं, काहीच आलं नाही. सिस्टिमच्या लायब्ररीवर तेच केलं तर फंक्शनचं नाव आलं, अलीकडे मोठा टी, म्हणजे फंक्शन तिथे खरोखर आहे.

तो फोल्डर आला कुठून, तेही कॉन्फिगच्या लॉगमध्ये होतं. लिंकरचे पर्याय ठेवणारं एलडीफ्लॅग्ज हे व्हेरिएबल एन्व्हायर्नमेंटमधून आलेलं. सीनियरनी कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरसाठी ते सर्व्हरच्या प्रोफाइल फाईलमध्ये एक्सपोर्ट करून ठेवलं होतं, म्हणजे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात. मी ते अनसेट केलं, मेक डिस्टक्लीनने जुनं बिल्ड पुसलं, पुन्हा कॉन्फिगर, मेक, आणि बिल्ड झालं. ती ओळ काढा म्हटलं तर उत्तर आलं, “काढली तर जुनी सॉफ्टवेअर बंद पडतील.” साफ चूक! एलडीफ्लॅग्ज फक्त बिल्ड करताना वाचलं जातं. तयार बायनरीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता तुमचं. एलडी_लायब्ररी_पाथ सेट करा असं तुम्हाला सांगितलंय, त्याने हा एरर जाणार नाही. तो प्रोग्राम चालू होताना लोडर (तयार प्रोग्रामला लायब्ररी शोधून देणारा) वाचतो. छोट्या एलने, म्हणजे नाव देऊन, मागितलेली लायब्ररी लिंकर त्यात शोधत नाही. आधी ‘एन्व्ह’ कमांडच्या यादीत एलडीफ्लॅग्ज आणि लायब्ररी_पाथ बघा, जीसीसी हा कंपायलर दोन्हींपैकी दुसरा स्वतःहून वाचतो. मग लिंकच्या कमांडला ‘-डब्ल्यूएल,-टी’ जोडा, त्यातला टी छोटा. लिंकर उघडलेल्या प्रत्येक फाईलचा पाथ छापतो. चुकीची फाईल तिथेच दिसेल.

तुम्ही पूर्ण एरर टाकलेला नाही, त्यामुळे हेही बघून घ्या. शेवटी ‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’ (डीएसओ म्हणजे शेअर्ड लायब्ररी) असेल तर मामला वेगळा. ती लायब्ररी छोट्या एलने स्वतः लिहावी लागते. स्टॅटिक (प्रोग्राममध्येच भरल्या जाणाऱ्या) लायब्ररी असतील तर क्रम बघा, एक्स विंडो सिस्टिमच्या लायब्ररींत एक्सटी आधी आणि एक्स११ नंतर. ‘मल्टिपल डेफिनिशन’ (एकच नाव दोनदा) येत असेल आणि कोड जुना असेल तर जीसीसी १० पासून बदललेला डिफॉल्ट आडवा येतोय, ‘-एफकॉमन’ द्या. ओपनबीएसडीवर एक्स वेगळ्या फोल्डरात असतं, ‘एक्स११आर६’ मध्ये, तिथे पाथ द्यावाच लागतो. पण तो त्या प्रोजेक्टच्या कॉन्फिगरला किंवा मेकफाईलमध्ये द्यायचा, प्रोफाइलमध्ये नाही.

सर्व्हर शेअर्ड असेल आणि ही ओळ तुमच्याही प्रोफाइलमध्ये निघाली, तर अ‍ॅडमिनकडून ती काढूनच घ्या. जुनी सॉफ्टवेअर बंद पडतील म्हणाले, तर त्यांच्यासमोर ती अनसेट करा आणि त्यातलं एखादं चालवून दाखवा.