खत वाढवूनही द्राक्षाची पाने का करपतात?

प्रश्न : आमची थॉम्पसनची बाग सहा वर्षांची असून डॉगरिज खुंटावर (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधले जाते ते) आहे. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातील छाटणी) मे महिन्यात बोअरचे पाणी द्यावे लागते. जुन्या पानांच्या कडा करपत आहेत आणि बोदावर (वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंचवटा) पांढरा थर दिसतो. पालाशची (पोटॅशियम) कमतरता समजून दोनदा म्युरेट ऑफ पोटॅश सोडले, पण फरक पडला नाही. जिप्सम टाकावे का?
– एक बागायतदार, ता. पलूस, जि. सांगली

उत्तर : म्युरेट ऑफ पोटॅश कृपया आजच थांबवा. त्यातून पालाशाबरोबर क्लोराइडही मुळांशी जाते आणि पाणी आधीच खारवट असताना ही भर वेलीला सोसत नाही. पालाश सल्फेट ऑफ पोटॅशमधून, थोडे-थोडे विभागून द्यावे.

आपले निदान अर्धे बरोबर आहे. पानात पालाश कमी पडत असणार, परंतु ते जमिनीत नाही म्हणून नव्हे, तर सोडियम जास्त झाल्यामुळे मूळ ते पुरेसे उचलू शकत नाही म्हणून. डॉगरिज खुंट पाण्याचा ताण चांगला सोसतो, म्हणूनच आपल्याकडे तो इतका पसरला. मात्र सोडियम अडवण्यात तो ११०-आर खुंटाच्या मागे आहे. नवी लागवड करताना याचा विचार जरूर व्हावा.

पान करपणे ही शेवटची पायरी आहे. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की बोद ओला असूनही मुळांना ते पाणी ओढून घेणे जड जाते, त्यामुळे पेरे (काडीवरील दोन डोळ्यांमधले अंतर) आखूड राहतात आणि पाने लहान पडतात. पुढे पानातून पाण्याची वाफ होते, क्षार मात्र कडेला साठत जातात, आणि जुन्या पानांत ते सर्वांत जास्त दिवस साठलेले असल्याने तीच आधी जळतात. हे सारे नेमके काडीच्या डोळ्यांत पुढील हंगामाचे घड तयार होण्याच्या काळात घडते, याची मला अधिक काळजी वाटते.

संपृक्त मातीच्या (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या) अर्काची विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, १.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला द्राक्षाचे उत्पादन साधारण ९.६ टक्क्यांनी घटते, म्हणजे ३.५ वर जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. आपल्याकडील बऱ्याच प्रयोगशाळा मातीत जास्त पाणी मिसळून ही मोजणी करतात आणि तो आकडा कमी येतो, तेव्हा अहवालातील पद्धत पाहूनच तुलना करावी.

जिप्समचा निर्णय माती पाहून घ्यावा. मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर फेस आला, तर जमिनीत चुनखडी आहे. तिथे कॅल्शियम मोकळे करण्यासाठी शेणखताबरोबर गंधक देणे अधिक उपयोगी ठरते. चुनखडी नसलेल्या चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीत जिप्सम द्यावे. दोन्हींत कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेते; असे सुटलेले सोडियम पाण्याबरोबर मुळांच्या खाली वाहून गेले पाहिजे, आणि निचराच नसेल तर दोन्ही खर्च वाया जातात. म्हणून चर आधी मोकळे करावेत, बोदावर उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे आणि पावसाळ्याचे गोडे पाणी बागेतच मुरू द्यावे.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ठिबकमुळे क्षार ओल्या वर्तुळाच्या कडेला जाऊन बसतात. वळवाची हलकी सर आली की तेच आत, मुळांकडे सरकतात. अशा वेळी ठिबक बंद न करता सुरू ठेवावे.

बोअरचे पाणी, ड्रिपरखालची व ओलाव्याच्या कडेची माती असे वेगवेगळे नमुने आणि पानांचे देठ एकाच वेळी तपासून घ्यावेत. अहवालात सोडियम व क्लोराइडचे आकडे स्वतंत्र मागावेत.