ताटं ६४० डॉलरची, भोक दरमहा ८००चं

अमेरिकेत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. थोडक्यात असं: "थ्रिफ्ट स्टोअरमधून जुन्या निळ्या-पांढऱ्या डिश जमवायचा मला नाद आहे. सात-आठ प्लेट आणि एक सूपचं भांडं जमलंय. या फॉलला बारा जणांचं टेबल पूर्ण निळ्या व्हिंटेज डिशमध्ये मांडायचं मनात आहे. ऑनलाइन एक बाई ब्लू विलोचा (विलोच्या झाडाच्या निळ्या चित्राची नक्षी) बारा जणांचा सेट ६४० डॉलरला देतायत. दुर्मिळ आहे, किंमत वाढतच जाईल, म्हणतात. नंतर ओळखीत भाड्यानेही देता येईल. कार्डावर घेऊ का? कार्डावर आधीचे ४,३०० आहेत, पण रिटायरमेंटची काळजी नाही. ह्यांनी दोन वर्षांपूर्वी मंडळातल्या एका मित्राकडून दरमहा ८०० डॉलरची टॅक्स-फ्री पॉलिसी घेतलीय. त्यासाठी ऑफिसचं ४०१-के (पगारातून कापून निवृत्तीसाठी जमा होणारं खातं) थांबवलं. तसंही कंपनी त्यात पगाराच्या पाच टक्केच घालायची." सोबत प्लेटच्या मागच्या शिक्क्याचा फोटो आणि पॉलिसीचं वार्षिक स्टेटमेंट आहे.

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते सोपं आहे. हा सेट घेऊ नका.

तुम्हीच पाठवलेला फोटो मोठा करून बघा. शिक्क्यात 'मेड इन इंग्लंड' आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात 'डिशवॉशर सेफ' आहे. ज्या काळात कुणाच्या स्वयंपाकघरात डिशवॉशर नव्हता, त्या काळातल्या प्लेटवर हे कोण छापेल? अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्यामुळे बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून नुसतं 'इंग्लंड' लिहिलेली प्लेट साधारण १८९१ नंतरची मानतात आणि 'मेड इन इंग्लंड' बहुतेक विसाव्या शतकातली. तुमची तर त्यातही अलीकडची. वस्तू वाईट नाही, रोज वापरायला उत्तमच. पण दुर्मिळ अजिबात नाही. विलोचं चित्र अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमधल्या कितीतरी कारखान्यांनी छापलं. पूल, दोन पक्षी आणि पळून जाणारे प्रेमिक ही 'चिनी दंतकथा'सुद्धा इंग्रजांनीच मागाहून, माल खपवायला जोडली. अमेरिकेत तुम्हाला जागोजागी दिसणाऱ्या करियर अँड आइव्ह्ज चित्रांच्या निळ्या प्लेट ओहायोमधल्या रॉयल चायनाने केल्या आणि त्या किराणा दुकानांच्या साखळीतून खरेदीवर बक्षीस म्हणून घरोघर गेल्या. जी वस्तू किराण्यासोबत वाटली, तिची किंमत 'वाढतच जाणार' कशी?

भाड्याचं गणितही करून टाकू. माणशी तीन डॉलर धरले तर बारा जणांचे ३६. हंगामात पाच वेळा गेला सेट, तर १८०. त्यात दोन प्लेट फुटणार, एका कपाचा कान जाणार, आणि ओळखीच्या माणसाकडून भरपाई तुम्ही मागणार नाही. शिवाय टॅक्सच्या दृष्टीने हा छंद ठरला तर मिळकत दाखवावी लागते आणि २०१८पासून त्यावरचा खर्च वजा मिळत नाही. याला धंदा म्हणू नका. हौस म्हणा, आणि हौसेला माझी ना नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. त्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही.

"तसंही पाच टक्केच" हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या यजमानांचा पगार १,२०,००० डॉलर. ते पाच टक्के घालतील तर कंपनी डॉलरला डॉलर घालते, म्हणजे वर्षाला ६,००० डॉलर. महिन्याला ५००. जवळजवळ एक निळा सेट कंपनी दर महिन्याला हातात ठेवत होती आणि तुम्ही नको म्हणालात. दोन वर्षांचे झाले १२,०००. पहिल्या दिवशी शंभर टक्के परतावा देणारी दुसरी गुंतवणूक मला तरी माहीत नाही.

आणि हे सोडून घेतलं काय, तर इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे ज्यातलं व्याज शेअर बाजाराच्या इंडेक्सवर ठरतं असा आयुर्विमा. स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर ठळक आकडे आहेत, ते सोडा, तिसरं पान काढा. भरलेले पैसे १९,२००. आज पॉलिसी मोडली तर हातात ५,८००. मधले १३,४०० कुठे गेले? प्रीमियममधून कापलेला खर्च, दरमहाचा विम्याचा आकार आणि सरेंडर चार्ज. पहिल्या वर्षांचा मोठा वाटा मित्राचं कमिशन फेडण्यात जातो, म्हणूनच तर बाहेर पडायला इतका दंड असतो. बुडालेले १३,४०० आणि न घेतलेले १२,००० मिळून पंचवीस हजारांवर गेले. या पैशात तुम्ही म्हणता तसले जवळजवळ चाळीस सेट आले असते, आणि ते फुटले असते तरी निदान डोळ्यांसमोर फुटले असते.

"बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही" असं तुम्हाला सांगितलं असणार, सगळ्यांनाच सांगतात. इंडेक्सचं व्याज शून्याखाली जात नाही, हे खरं. पण खर्चाची कापणी त्या वर्षीही चालूच राहते, त्यामुळे खात्यातली रक्कम घटतेच. वर जाताना कॅप, म्हणजे व्याजाची कमाल मर्यादा, असते, तुमच्या कागदावर ती ९ टक्के आहे, आणि हमी दिलेली किमान कॅप त्याहून बरीच कमी. म्हणजे ती खाली आणायची मुभा कंपनीकडे आहे. शिवाय इंडेक्सच्या हिशेबात लाभांश धरलेला नाही. असं असताना तक्त्यात तीस वर्षं सलग साडेसहा टक्के दाखवलेत. हा अंदाज नाही, ही इच्छा आहे.

'टॅक्स-फ्री' म्हणजे काय, हेही कुणी उलगडून सांगितलेलं दिसत नाही. म्हातारपणी तुम्ही पॉलिसीतून काढणार ते मोठ्या प्रमाणात कर्ज असतं, म्हणून त्यावर कर नाही. त्या कर्जावर व्याज चढतं. वय वाढेल तसा विम्याचा आकारही चढतो. दोन्हींच्या ओझ्याने ऐन ऐंशीत पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली, तर आतापर्यंतच्या नफ्यावर एकदम कर लागतो, हातात दमडी नसताना. ज्यांची बाकीची सगळी खाती काठोकाठ भरलीत आणि तरी पैसा उरतो, अशा थोड्या लोकांना ही पॉलिसी नीट बांधून दिली तर चालू शकते. कार्डावर ४,३०० असलेल्या घराला ती विकणं याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही. आणि विमा किती, तर ३ लाखांचा. दोन लहान मुलं, घराचं कर्ज, आणि ३ लाख!

म्हणून क्रम असा ठेवा, आणि क्रमच महत्त्वाचा आहे. पॉलिसी उद्या रागाने मोडू नका. आधी यजमानांच्या नावे १० लाख डॉलरचा, वीस वर्षांचा साधा टर्म विमा काढा. अडतिशीतल्या निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला महिन्याला सत्तर डॉलर धरून चाला, बहुधा त्याहून कमीच लागतील. तो मंजूर होऊन चालू झाला, कागद हातात आला, की मगच जुन्याला हात लावायचा. मधल्या काळात तब्येतीचं काही निघालं तर जुनी पॉलिसीच आधार असेल. ४०१-केसाठी मात्र थांबू नका, ते याच आठवड्यात पाच टक्क्यांवर सुरू करा. ऑनलाइन दहा मिनिटांचं काम आहे.

मोकळ्या झालेल्या ८००चं काय होईल ते बघा. ४०१-केमध्ये ५०० गेले तरी घरात एवढाच पगार धरला तर तुम्ही कराच्या १२ टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने पगारातून प्रत्यक्ष कमी होतील ४४० च्या आसपास. टर्मचे ७०. उरले २९०. ते सगळेच्या सगळे कार्डावर, आणि आता भरताय तो किमान हप्ताही तसाच चालू. २४ टक्क्यांच्या कार्डावर तुम्ही व्याजापोटीच वर्षाला हजाराच्या घरात घालवताय. असं केलंत तर साधारण वर्षभरात कार्ड कोरं होईल. त्यानंतर हेच पैसे तीन-चार महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी होईपर्यंत साध्या बचत खात्यात टाका. तिथे व्याज कमी म्हणून पुन्हा कुणा मित्राकडे जाऊ नका.

पॉलिसी मोडायची वेळ येईल तेव्हा एक करा. तोट्यात मोडलेल्या विम्याचा तोटा करात वजा मिळत नाही. पण १०३५ एक्स्चेंज करून, म्हणजे पैसे हातात न घेता एका विमा योजनेतून थेट दुसरीत नेऊन, ते ५,८०० एखाद्या कमी खर्चाच्या, सरेंडर चार्ज नसलेल्या अ‍ॅन्युइटीत हलवले, तर तुमची १९,२००ची मूळ रक्कम कागदोपत्री सोबत जाते आणि तेवढ्यापर्यंतच्या वाढीवर कर लागत नाही. रक्कम लहान असल्याने हा खटाटोप परवडतो का, हे फक्त फी घेणाऱ्या, कमिशन न घेणाऱ्या नियोजकाकडून तपासून घ्या. परवडत नसेल तर सरळ मोडा. गेलेले १३,४०० 'भरून निघेपर्यंत थांबू' म्हणाल तर दरमहा आणखी ८०० त्यांच्या मागे जातील.

टेबल यंदाही मांडा. थ्रिफ्टमध्ये प्लेट सुटी, दोन-तीन डॉलरला मिळते, महिन्याला वीस डॉलर रोख ठरवा आणि कार्ड घरी ठेवा. एकाच नक्षीचा हट्ट सोडा. पाच वेगळ्या निळ्या नक्ष्या, पण सगळ्यांचा पांढरा एकाच छटेचा आणि काठ साधारण सारखा रुंद असला, की मिसळलेलं टेबल पूर्ण सेटपेक्षा बरं दिसतं. निळ्याला भोपळ्याचा नारिंगी आणि वाळक्या पानांचा तपकिरी विरुद्ध पडतो म्हणून खुलतो. खाली चकचकीत सॅटिन नको, जाडंभरडं तागाचं कापड घाला. घेताना प्लेट बोटांवर तोलून टिचकी मारा, खणखणली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. ग्लेझवर बारीक जाळी आलेल्या जुन्या प्लेटमध्ये शिसं उतरण्याची शक्यता असते, त्या भिंतीवर लावा किंवा दुसऱ्या प्लेटखाली ठेवा. आंबट तर त्यात वाढूच नका, आणि मुलांना तर नाहीच.

यजमानांना विमा कंपनीकडून दोन कागद मागवायला सांगा: सरेंडर चार्जचं वर्षवार कोष्टक आणि आजच्या तारखेचं इनफोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसी पुढे कशी चालेल त्याचा तक्ता), साडेसहाऐवजी चार टक्क्यांनी काढलेलं. हे कागद कंपनी देते, मित्राची परवानगी लागत नाही. मित्र "घरी येऊन समजावतो" म्हणेल. त्याला म्हणावं, चहाला जरूर ये, पण जे समजवायचंय ते आधी ईमेलवर लिहून पाठव.