संगणक शंका-समाधान : एचडीएमआय पोर्ट आहे, पण चित्र येत नाही

प्रश्न : ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत दिलंय. तोवर मॉनिटर मदरबोर्डाच्या एचडीएमआयला जोडला, तर पंखे फिरतात पण 'नो सिग्नल'. बोर्ड गेला म्हणायचा का? प्रोसेसर आय५-१२४००एफ, बोर्ड एच६१०.
– विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : बोर्डाला हात लावू नका, तो ठणठणीत असणार. खोच प्रोसेसरच्या नावातल्या त्या 'एफ'मध्ये आहे. पूर्वी ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारं सर्किट, बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असायचं. इंटेलने २०११च्या सँडी ब्रिजमध्ये ते प्रोसेसरच्याच चिपवर आणलं, त्यामुळे बोर्डावर आता नुसता पोर्ट उरलाय. 'एफ' प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्स बंद असतं आणि बायॉसमधून (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून) चालू होत नाही. कार्ड परत येईपर्यंत कुणाकडून तरी जीटी ७१०सारखं जुनं कार्ड मागून आणा.

एएमडी घेणाऱ्यांनीही बघून घ्यावं : रायझन ५ ५६०० आणि ५६००एक्समध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जीमध्ये आहे. एएम५ सॉकेटच्या रायझन ५ ७६००मध्ये कामापुरतं आहे, ७५००एफमध्ये नाही.

प्रश्न : लग्नाचं शूटिंग एडिट करतो. नव्या कॅमेऱ्याच्या एचईव्हीसी, १०-बिट, ४:२:२ (जास्त रंगमाहिती दाबून साठवलेल्या) फाइली प्रीमियर या एडिटिंग प्रोग्रॅमच्या टाइमलाइनवर अडकत चालतात. आय५-१२४०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड असूनही ही गत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेलचं ग्राफिक्स दिसतच नाही.
– स्टुडिओचालक, शाहूपुरी

उत्तर : याहून महाग कार्ड घ्यायच्या आधी हे वाचा. ३०६० हे ४:२:२ डीकोड करू, म्हणजे दाबलेली फाइल उलगडू, शकत नाही. एनव्हिडियाने ती सोय आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांत दिली. तुमच्या प्रोसेसरमधलं यूएचडी ७३० ग्राफिक्स मात्र हेच काम क्विक सिंक या इंटेलच्या सोयीने सहज करतं. पण कार्ड बसवलं की बरेच बोर्ड ते आपणहून झोपवतात.

बायॉसमध्ये 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' किंवा 'इंटर्नल ग्राफिक्स' (दोन्ही म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स) शोधून 'एनेबल्ड' करा. बोर्डागणिक नाव बदलतं. लगेच 'प्रायमरी डिस्प्ले'ला पीसीआयई किंवा पीईजी, म्हणजे बसवलेलं कार्ड, ठेवा. हे करायचं राहिलं तर चित्र बोर्डाच्या पोर्टावर जातं, कार्डाला जोडलेला पडदा काळा राहतो आणि माणूस घाबरतो. मग इंटेलचा ड्रायव्हर टाका आणि प्रीमियरच्या प्रेफरन्सेस, मीडियामध्ये हार्डवेअर डीकोडिंगखाली इंटेलवर टिक करून प्रोग्रॅम पुन्हा उघडा. इंटेलच्या पोर्टाला मॉनिटर जोडायची गरज नाही.

उलट, गेमसाठी मॉनिटर बोर्डाला जोडू नका. प्रत्येक फ्रेम कार्डावरून रॅममध्ये जाऊन मग पडद्यावर येते, वेग घटतो. काही दिवसांनी बायॉसमधलं सेटिंग आपोआप पूर्ववत झालं, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला.

प्रश्न : रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम. विंडोज ६ जीबीच्या आसपासच वापरता येते म्हणतं, ऑटोकॅडही रडतं. कार्ड घेऊ का?
– वर्कशॉप, गोकुळ शिरगाव

उत्तर : आधी रॅम घ्या. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते तुमच्याच रॅममधून २ जीबी बाजूला काढून बसलंय. तशीच ८ जीबीची दुसरी पट्टी घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात दोन्ही बसवा. डीडीआर४-३२०० एकटी सेकंदाला २५.६ जीबी देते, जोडी ५१.२, या ग्राफिक्सचा जीव त्या आकड्यात आहे. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर रॅम ३२००ऐवजी २६६६ किंवा त्याहून कमी वेगाने चालत राहील. 'यूएमए फ्रेम बफर साइज' (ग्राफिक्ससाठी राखलेली रॅम) मग २ जीबीच ठेवली तरी चालेल.