पुणे–लोणावळा लोकल मुंबईसारखी फास्ट का करत नाहीत?

तुम्ही विचारलंय की मधली काही स्टेशनं गाळून पुणे–लोणावळा फास्ट लोकल सुरू करायला अडचण काय आहे. मी तळेगावहून शिवाजीनगरला पासवर ये-जा करतो, त्यामुळे हा हिशेब डब्यात उभ्या उभ्या बऱ्याचदा मांडून झालाय.

पुणे ते लोणावळा ६४ किलोमीटर. दोन टोकं सोडली तर मधे १५ स्टेशनं, आणि लोकलला लागतो सव्वा ते दीड तास. ब्रेक लागणं, माणसं चढणं-उतरणं, पुन्हा वेग घेणं धरून एका थांब्याला मिनिट-दीड मिनिट जातं. म्हणजे आठ थांबे गाळलेत तरी वाचणार दहा-बारा मिनिटं. आणि त्यासाठी आहे त्यातलीच एक लोकल फास्ट केलीत, तर बेगडेवाडीच्या माणसाची ती गाडी गेलीच. तो पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर ताटकळणार.

मुंबईत फास्ट जमते कारण सीएसएमटी ते कल्याण निदान चार रूळमार्ग आहेत. कल्याणपुढे कर्जतच्या बाजूला दोनच उरतात, तिथून कर्जत फास्टसुद्धा मुकाट्याने बहुतेक सगळीकडे थांबत जाते. आपला मार्ग अख्खाच्या अख्खा तसा. दोन रूळमार्ग, त्यांवर डेक्कन क्वीन, इंद्रायणी, दक्षिणेकडच्या मेल, मालगाड्या, आणि उरलेल्या फटीत लोकल. मागून मेल येतेय म्हणून लोकल लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकली की थांबे गाळून मिळाली असती तेवढी मिनिटं एका फटक्यात जातात. थोडक्यात, ओव्हरटेक करणारी गाडी हवी म्हणून आपण ओरडतोय, आणि ओव्हरटेक होणारी गाडी आपलीच आहे!

मग चार मार्ग होईपर्यंत काहीच नाही का? अमेरिकेतल्या कॅलट्रेन या लोकल रेल्वेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे सुमारे ७५ किलोमीटर, म्हणजे आपल्यापेक्षा थोडंच जास्त, आणि मुख्यतः दोनच मार्ग. त्यांनी सगळा मार्ग रुंद केला नाही. ब्रिस्बेन आणि सनीव्हेल इथे तेवढ्यापुरते जादा रूळ टाकले, सिग्नल सुधारले आणि २००४ मध्ये ‘बेबी बुलेट’ ही फास्ट गाडी सुरू केली. दीड तासाचा प्रवास तासाच्या आत आला. या कामासाठी जवळपास दोन वर्षं शनिवार-रविवारच्या गाड्या बंद होत्या, हेही सांगायला हवं. इथे दुपारच्या दुरुस्तीच्या ब्लॉकवरून केवढी बोंब होते ते तुम्हाला माहीतच आहे.

पण त्यांच्याइतका फायदा आपल्याला होणार नाही. तेव्हा त्यांच्या गाड्या डिझेल इंजिनाच्या होत्या. असं इंजिन थांबून परत वेग घ्यायला वेळ खातं, म्हणून एकेक थांबा गाळल्यावर भरपूर वाचत होतं. आपली लोकल विजेची, ती पटकन उचलते. २०२४ मध्ये कॅलट्रेननेही विजेच्या गाड्या आणल्या, तर सगळीकडे थांबणाऱ्या गाडीचीच वीसेक मिनिटं वाचली.

म्हणून माझं मत असं की, मागणी फास्टची करूच नये, तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची करावी. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली आहे, आता रेटा लावायचा तो काम सुरू होण्यासाठी. मेल आणि मालगाड्या वेगळ्या झाल्या की लोकल लूपला पडणार नाही आणि फेऱ्याही वाढवता येतील. दर वीस मिनिटांनी गाडी असेल तर दहा मिनिटं वाचवणाऱ्या फास्टचं कौतुक कुणाला राहील?

तरीही पुढेमागे फास्ट आलीच, तर थांबे कुठले गाळायचे यावर भांडण होणार. सोपा बळी म्हणजे घोरावाडी, कान्हे, मळवली. कॅलट्रेनचंही तेच झालं. बेबी बुलेट आल्यावर पुढच्याच वर्षी अथर्टन आणि ब्रॉडवे या स्टेशनांवर कामाच्या दिवशी गाडी थांबेनाशी झाली, आणि अथर्टन तर २०२० मध्ये कायमचं बंद झालं. आपल्याकडे उलट करता येईल. पिंपरी ते शिवाजीनगर मेट्रो लोकलला जवळजवळ समांतर धावते, आणि सप्टेंबर २०२४ पासून ती थेट स्वारगेटपर्यंत जाते. कासारवाडी, दापोडीच्या प्रवाशाला तो पर्याय हाताशी आहे. मावळातल्या गावांना मेट्रोसारखा पर्याय नाही. फास्ट करायचीच असेल, तर ती शहरात पळवा आणि देहूरोडपुढे सगळीकडे थांबवा.