एका रात्रीत दहा पब नकोत, फोर्ट ते कुलाबा पायी करा

तुम्ही चौघं शनिवारी नाशिकहून येताय, मुक्काम सीएसएमटीजवळ आहे, दोघी मैत्रिणी आहेत, एकजण पीत नाही, सगळ्यात धाकटा 23 वर्षांचा आहे. आणि कुलाबा, लोअर परळ, वांद्रे, अंधेरी अशी दहा ठिकाणांची यादी करून कोणत्या क्रमाने जावं ते विचारताय. मी फोर्टमधल्या ऑफिसात वीस वर्षं काढली, शनिवारची संध्याकाळ याच भागात मैत्रिणींबरोबर घालवली. त्या अनुभवावर सांगते, दहापैकी सात ठिकाणं खोडून टाका. उरलेली तीन एकमेकांपासून चालत जाता येतील अशी ठेवा.

कारण साधं आहे. शनिवारी रात्री कुलाब्याहून वांद्र्याला टॅक्सीने जायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. आम्ही एकदा साडेनऊला कुलाब्यातून उठून वांद्र्याला निघालो. वरळीपर्यंतच निम्मा उत्साह संपला, पोचलो तेव्हा दाराबाहेर रांग, आत बसायला मिळेपर्यंत साडेअकरा. त्या रात्रीचं आठवतं ते टॅक्सीच्या काचेतून दिसणारं ट्रॅफिक. मुंबई बघायला आलात, तर तो वेळ पायी फिरण्यात घाला.

सुरुवात लवकर करा, साडेपाच-सहाला. फोर्टमध्ये नगिनदास मास्टर रोडवर कॅफे मिलिटरी आहे, 1933 सालचं. जुनं पारशी-इराणी वळणाचं हॉटेल, साधी टेबलं, डोक्यावर पंखे आणि थंड बिअर. बिअरबरोबर खिमा-पाव घ्या, भूक असेल तर सल्ली बोटी, म्हणजे वर बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या घातलेलं मटण. इथे वकील, बँकेतली माणसं, एकटे बसून पेपर वाचणारे म्हातारे असे सगळे दिसतात. आम्ही दोघी मैत्रिणी इथे कितीदा तरी बसलो, कोणी मान वळवून बघितलं नाही. तुमच्यातला जो पीत नाही त्याने पालनजीची रास्पबेरी सोडा मिळते का विचारावं. ती लालभडक सोडा इराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पोटात काहीतरी घालून पुढे निघायचं, हा माझा पक्का नियम आहे. उपाशीपोटी पहिला पेग म्हणजे नऊच्या आत रात्र संपली.

तिथून हुतात्मा चौक, काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरीवरून रीगल सिनेमापर्यंत चालत या. रमतगमत वीस मिनिटं. दिवे लागलेले असतात, दगडी इमारती या वेळी सर्वांत सुंदर दिसतात. ही चाल तुमच्या यादीतल्या कुठल्याही पबपेक्षा मोलाची आहे असं मी मनापासून म्हणते.

रीगलजवळ कुलाबा कॉजवेच्या तोंडावर मेट्रो हाउसमध्ये कॅफे मोंडेगार आहे. भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. मारिओ गोव्याचे, लोटलीचे. मुंबईची माणसं त्यांनी अशी काढली आहेत की एकेका चेहऱ्यापाशी थांबावंसं वाटतं. आत टेबलं खेटून, आवाज भरपूर, ज्यूकबॉक्स. गप्पा मारायला येऊ नका, ऐकूच येणार नाही. एक बिअर, चित्रं बघून झाली की उठा.

दोन-चार मिनिटांवर लिओपोल्ड कॅफे. 1871 पासूनचं आहे, इराण्यांनी सुरू केलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवाद्यांनी इथे गोळीबार केला होता. गोळ्यांच्या खुणा त्यांनी भिंतीत तशाच ठेवल्या आहेत. लोक तिथे बोट लावून फोटो काढतात, मला ते बघवत नाही. इथे माणसं मेली आहेत. बघा, पण सेल्फी नको. खाण्यापिण्याच्या बाबतीत सांगायचं तर पर्यटकांची गर्दी असते आणि दरही त्याच हिशोबाचे. बाहेरून बघून पुढे गेलात तरी चालेल.

आता माझ्या मते रात्रीचा खरा मुक्काम. ताजच्या मागच्या गल्लीत गोकुळ. परमिट रूम म्हणजे काय ते बघायचं तर इथे बघा. हा शब्द आला 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून. दारू प्यायला परमिट लागायचं, म्हणून जिथे परमिटवाल्यांना बसून पिता येतं ती परमिट रूम. कागदोपत्री परमिट आजही लागतं. एका दिवसाचं पाच रुपयांत, वर्षाचं शंभरात, आयुष्यभराचं हजारात. कायदा कागदावर राहिला आणि शब्द मात्र पाट्यांवर आणि बोलण्यात कायमचा रुजला. नाशिकलाही तुम्ही हाच शब्द वापरता.

परमिट रूमची रीत थोडी समजून घ्या. एसी आणि नॉन-एसी असे दोन भाग असतील तर दोन्हींचे दर वेगळे असतात, बसण्याआधी मेनूकार्ड बघा. पेग मागताना थर्टी, सिक्स्टी, नाइन्टी असं मिलीलिटरमध्ये बोलायचं. दोघं-तिघं एकच ब्रँड घेणार असाल तर क्वार्टर मागवा. 180 मिलीची बाटली असते, म्हणजे तीन सिक्स्टी. सील टेबलावर, तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. यात वेटरचा अपमान होत नाही, ते रोजचंच आहे. आणि वेटरशी नीट बोला. मान वर करून ‘ए’ म्हणून हाक मारणाऱ्या टेबलाला सोडा उशिरा येतो आणि काकडी त्याहून उशिरा. चकण्याला मसाला शेंगदाणे, मसाला पापड मागवा. तळलेला बोंबील असेल तर तो सोडू नका.

मैत्रिणींबद्दल सरळ बोलते. परमिट रूममध्ये बायका कमी असतात, हे खरं. चौघं मिळून जाताय, गोकुळसारख्या ठिकाणी अडचण येऊ नये. पण आत शिरल्यावर दोघींपैकी एकीला जरी अवघडल्यासारखं वाटलं, तर कारण न विचारता बाहेर पडा. हे तुमच्यातल्या दोन मुलग्यांना उद्देशून लिहिते आहे. ‘अगं काही होत नाही, बस’ हे वाक्य मी खूप वेळा ऐकलं आहे आणि त्यानंतरची एकही संध्याकाळ चांगली गेलेली नाही.

धाकट्याबद्दल. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय 21, व्हिस्की-रम-जिनसाठी 25. म्हणजे 23 वर्षांच्या तुमच्या मित्राने बिअरवर थांबायचं. कोणी विचारत नाही असं सांगणारे भेटतील, तरी ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवा. आणि स्ट्राँग बिअरला बिअर समजून पाण्यासारखी पिऊ नका, माइल्डच्या जवळजवळ दीडपट चढते.

थोडे जास्त पैसे खर्च करायची तयारी असेल तर ताजमधला हार्बर बार, तोही 1933 चा, शहरातला पहिला परवानाधारक बार म्हणून ओळखला जातो. खिडकीतून गेटवे दिसतो. चपला-बर्म्युडात जाऊ नका. एकेकच कॉकटेल घ्या, आणि हे मोंडेगारऐवजी करा, त्याच्या जोडीला नको. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो ऐच्छिक असतो, नको असेल तर काढायला सांगता येतो. खाण्यावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट वेगवेगळा लागतो, त्यामुळे कार्डावरच्या आकड्यात भर पडणार हे धरूनच वर्गणी काढा.

रात्री भूक लागली की त्याच भागात बडेमियाँचे कबाब आहेत, 1946 पासून.

लोअर परळ आणि वांद्रं पुढच्या वेळी. ताजी बिअर प्यायची असेल तर परळच्या गिरण्यांच्या आवारातले ब्रूपब, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारे पब, चांगले आहेत, पण त्यासाठी मुंबईपर्यंत यायलाच हवं असं नाही. देशातली पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाणारी डूलाली 2009 मध्ये पुण्यात सुरू झाली. वांद्र्याला गेलात तर पाली नाक्याजवळचं जनता आणि टोटोज गॅरेज, दोन्ही जवळजवळ आहेत. परळला गेलात तर एक गोष्ट माझ्यासाठी करा. 29 डिसेंबर 2017 च्या रात्री कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि 14 जण गेले. तेव्हापासून मी कुठल्याही गच्चीवर किंवा तळघरात बसले की आधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधते, तिथपर्यंत चालत जाऊन येते. तो खुर्च्या नाहीतर खोक्यांनी अडवलेला असेल तर तिथे बसत नाही.

परतीचं. कार आणणार असाल तर लॉजवरच ठेवा. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘एकच बिअर घेतली’ यावर विसंबू नका. भुयारी मेट्रो येताना वापरा, जाताना नाही, कारण शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते आणि तुम्ही तेव्हा गोकुळात असाल. शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत. काळीपिवळी टॅक्सी रीगलजवळ मिळते, मीटरने चला म्हणायचं. सीएसएमटी तिथून जवळ आहे. बार साधारण दीडपर्यंत चालतात, पण लास्ट ऑर्डर त्याच्या बऱ्याच आधी घेतात. मी असते तर साडेबाराला उठले असते.

येण्याआधी तारीख तपासा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरचा ड्राय डे सगळ्यांना माहीत असतो, पण मतदान, मतमोजणी आणि काही सणांचे दिवस लक्षात राहत नाहीत.

रविवारी सकाळी जमलं तर धोबी तलावला कयानी या इराणी कॅफेत जा, 1904 चं आहे, मुक्कामाहून चालत दहा-पंधरा मिनिटं. बन मस्का आणि कडक चहा. रात्री जो प्यायला नव्हता त्याला त्या दिवशी पहिली ऑर्डर द्यायला सांगा, बाकीच्या तिघांना तोवर नीट जाग आलेली नसेल.