भात विकू नको, तांदूळ वीक

पोरा,

मेसेज वाचला. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात दुकानदारानं बाहेरचा स्वस्त तांदूळ दाखवून दर पाडला म्हणून तू आजऱ्याचं सगळं रान उसाला घालायला निघालायस, थांब जरा.

परदेशी तांदळाची भीती मनातनं काढ, पांढऱ्या तांदळावर आपल्याकडं 70 टक्के आयात शुल्क आहे, उलट जगात सगळ्यात जास्त तांदूळ आपलाच देश विकतो. दारं उघडल्यावर काय होतं ते फिलिपिन्समध्ये दिसलं, 2019 ला त्यांनी आयातीची मर्यादा उठवून नुसतं शुल्क ठेवलं आणि तिथल्या शेतकऱ्याच्या भाताचा दर कोसळला, शहरातल्या गिऱ्हाइकाला मात्र तेवढी स्वस्ताई मिळालीच नाही. मला त्या माणसांचं फार वाईट वाटतं.

आपल्याकडं दर पाडायचं तेच काम परराज्यातनं स्वस्त तांदूळ आणणारे ट्रक करतात. आता हिशोब बघ, 2025-26 चा साध्या भाताचा हमीभाव 2369 रुपये क्विंटल, सरकारी धोरणानं त्याचा 67 किलो तांदूळ धरतात, म्हणजे कांडप-वाहतुकीआधीच किलोला 35 रुपये पडले. त्यात रेशनवर तांदूळ फुकट. मोठ्या मिलवाल्यांशी साध्या तांदळात दरानं भिडायचं म्हणजे तुझंच मरण, ते आपल्याला परवडत नाही.

आपल्या वासाच्या घनसाळ तांदळाचं तसं नाही. 2016 ला आजरा घनसाळला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालाय, तो वास बाहेरच्या ट्रकमधनं येत नाही. पण जीआय गावाला मिळाला म्हणजे तुला मिळाला असं नसतं, अधिकृत वापरकर्ता म्हणून तुझी स्वतःची नोंदणी कर. आणि सगळं रान त्यालाच घालू नको, उंच वाढतो, वाऱ्यात लोळतो, उतारा कमी, थोड्या रानात इंद्रायणी राहू दे.

तरवा (रोपं), चिखलणी, लावण, भांगलण (तण काढणं), कापणी, मळणी सगळं वहीत लिही. आईची मजुरीपण धर, पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबून, लावण झाली म्हणून ती फुकट होत नाही, आपल्याकडं हाच खर्च कोण धरत नाही आणि मग शेती फायद्यात दिसते. पिंजार (पेंढा) आणि कोंडा जमेला धर.

खळ्यावर भात देऊन टाकू नको, कांडून पाच-दहा किलोच्या पिशव्या कर, पुण्या-मुंबईतल्या पाव्हण्यांपासनं सुरुवात कर, भेसळ एक दाणा नको. मळणी झाली की कळव, कणी कमी पडेल अशी गिरणी आपण मिळून बघू.