लॅटिन-फ्लामेंको जॅझ वाजवायचंय? आधी टाळी दे
अरे, कहोन (वर बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका) विकत घ्यायची घाई नको. आधी नुसती टाळी. क्यूबाचा सोन क्लावे, म्हणजे तिथल्या सोन संगीताचा पाच टाळ्यांचा ठेका, सोळा मात्रांत मोज; टाळी या मात्रांवर: १, ४, ७, ११, १३. पायाने ठेका धरून तो महिनाभर न अडखळता जमला, की मगच स्पेनच्या फ्लामेंको संगीतातल्या बुलेरिया या ठेक्याकडे वळ. तिथे मात्रा बारा, पण मोजणी बारापासून, जोर या मात्रांवर: १२, ३, ६, ८, १०. आपला बारा मात्रांचा एकताल डोक्यातून काढ. सम शोधत बसलास की घसरलासच. (माझी दोन वर्षं त्यातच गेली.) कादिझच्या चानो दोमिंगेसचा पियानो रोज ऐक, बुलेरिया नि जॅझ तिथे एकत्र नांदतात. आणि हो, कहोन मूळचं पेरूचं. फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसियाने ते सत्तरच्या दशकात फ्लामेंकोत आणलं.